नव्या घराच्या अंगणातली अनोळखी फुलझाडं: नावं शोधायला मदत कराल का?

नवं_अंगण (९ फेब्रुवारी)

नमस्कार. महिन्याभरापूर्वी आम्ही या घरात राहायला आलो. आधी इथे राहणाऱ्या आजींनी अंगणभर झाडं लावली होती. त्या गेल्या, आणि झाडांची नावंही त्यांच्याबरोबर गेली. आजूबाजूला कोणालाच सांगता येत नाहीत. रोज पाणी घालताना चुकल्यासारखं होतं, कारण ज्याला घालतेय त्याचं नावही मला ठाऊक नाही. फोटो जोडले आहेत, थोडं वर्णनही करते.

१. फाटकापाशी मध्यम उंचीचं झाड. पान मधोमध दुभंगलेलं, खुरासारखं. फुलं गडद जांभळट गुलाबी, तळहाताएवढी.
२. कुंपणाला दोन झुडपं, दोन्हींना पिवळ्या घंटा. आधी एकच जात समजत होते, पण पानं निराळी दिसतात.
३. खिडकीसमोर पिसासारख्या पानांचं मोठं झाड. फुलं नाहीत. सगळे म्हणतात गुलमोहर.
४. पांढऱ्या, भरगच्च पाकळ्यांच्या फुलांचं झुडूप. मी अनंत समजतेय.
५. छाटून केलेलं कुंपण, लहान चकचकीत पानं, फुलं नाहीत.
६. बारीक नारिंगी नळ्यांचे झुबके असलेलं झुडूप. दिवसभर त्यावर छोटे पक्षी असतात.
७. मागच्या कोपऱ्यात सरळसोट वाढलेलं खूप उंच झाड. पानं कडुनिंबासारखी वाटतात. फूल एकही पाहिलं नाही. फोनवरच्या ॲपने याला तीन दिवसांत तीन नावं दिली: कडुनिंब, बकाण, शेवगा.

मुलगा सहा वर्षांचा आहे, दिवसभर याच झाडांत असतो. यातलं काही विषारी आहे का, तेही सांगा.

पानशिरा (९ फेब्रुवारी)

फोटो सुंदर आहेत, पण जवळजवळ सगळे फुलांचे आहेत. रंगावरून झाड ओळखायला गेलं की हमखास फसायला होतं. पिवळ्या घंटा निदान तीन अगदी वेगळ्या झाडांना येतात, त्या कशा ते पुढे सांगते. आधी पानं बघा, आणि पानांआधी पान म्हणजे नक्की कुठून कुठपर्यंत ते ठरवा.

पानाचा देठ फांदीला जिथे जुळतो तिथे, वरच्या बगलेत, एक इवलासा डोळा असतो. पुढे त्यातूनच फांदी किंवा फूल येतं. संयुक्त पानाच्या पर्णिकेच्या बुडाशी असा डोळा नसतो. म्हणजे तुम्ही ज्यांना ‘बारीक पानं’ म्हणताय त्यांच्या बुडाशी डोळा दिसला नाही, तर ती पानं नव्हेत, एका मोठ्या पानाच्या पर्णिका आहेत. डोळा सापडेपर्यंत देठाने मागे मागे जा. तिथून पुढचं सगळं मिळून एक पान.

ते कळलं की दुसरा प्रश्न: एका पेरावर किती पानं आहेत? एकाआड एक, समोरासमोर, की तिघांचं कडं? तिसरा: पान खुडल्यावर पांढरा चीक येतो का? सातही झाडांची ही तीन उत्तरं द्या, निम्मं काम होईल.

जुना_माळी (१० फेब्रुवारी)

पानशिराताईंनी सांगितलंय ते कराच. एक जपा, चीक असलेल्या झाडाला हात लावलात तर साबणाने हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नका. मुलाला सध्या पिवळ्या घंटांपासून लांब ठेवा, खात्री झाली की बघू. आणि कुठलंही पान, फूल, बी चावून ओळखायचा प्रयत्न करू नका. चुरगळून वास घेणं पुरे असतं.

झाडाखालची जमीनही बघा. गेल्या वर्षीच्या वाळक्या शेंगा, बोंडं, बिया तिथे पडलेल्या असतात. फूल नसताना मी आधी तिथेच वाकतो.

नवं_अंगण (१२ फेब्रुवारी)

दोन सकाळी यातच गेल्या. मुलानेही पानं मोजली.

१. पान साधं, एकाआड एक, चीक नाही.
२. अ: लांबट संयुक्त पान, पर्णिकांच्या कडा करवतीसारख्या, पानं समोरासमोर, चीक नाही. ब: अरुंद, गवताच्या पात्यासारखं साधं पान, फांदीभोवती दाटीने, खुडलं की पांढराशुभ्र चीक. खाली कोनदार हिरवी फळं आहेत.
३. ‘बारीक पानं’ खरंच पर्णिका निघाल्या! अख्खं पान माझ्या हाताएवढं आहे. आणि पानं समोरासमोर आहेत. झाडाखाली चपट्या, गोल, लाकडासारख्या कडक डब्या सापडल्या, शिंपल्यासारख्या उघडलेल्या.
४. पानं समोरासमोर, पांढरा चीक.
५. संयुक्त पान, पाच-सात पर्णिका. चीक नाही.
६. एका पेरावर तीन पानं, देठ लालसर.
७. फांद्या हाताला येत नाहीत. खाली फक्त सुट्या पर्णिका पडतात.

पानशिरा (१२ फेब्रुवारी)

काय नेटकं निरीक्षण आहे! यातली बरीचशी उत्तरं तुम्हीच दिली आहेत.

तीन नंबर गुलमोहर नाही. गुलमोहराचं आणि या झाडाचं, दोन्हींचं पान दुहेरी पिसासारखं (पिसाला पुन्हा पिसं) असतं, म्हणून फुलं नसताना भले भले फसतात. पण गुलमोहराची पानं एकाआड एक असतात आणि शेंगा हातभर लांब, तलवारीसारख्या. समोरासमोर पानं आणि गोल चपट्या लाकडी डब्या म्हणजे जॅकरांडा, नीलमोहर. गुलमोहर शेंगावर्गातला, मूळचा मादागास्करचा. नीलमोहर बिग्नोनिएसी कुळातला, मूळचा दक्षिण अमेरिकेचा. नात्याने दोघं एकमेकांपासून दूर, फक्त पानांची ठेवण तेवढी जुळते.

चार नंबर अनंत नाही, डबल तगर आहे. इथे चिकाने निकाल लागतो. अनंत कदंबाच्या आणि कॉफीच्या कुळातला, त्याला पांढरा चीक नसतो. तगर कण्हेरीच्या कुळातली, तिला भरपूर असतो. अनंताची आणखी एक खूण लक्षात ठेवा: समोरासमोरच्या दोन देठांच्या मध्ये, फांदीला चिकटून, एक छोटं पापुद्र्यासारखं उपपर्ण असतं. कॉफीच्या सगळ्या कुळात ते दिसतं. तुमच्या सहा नंबरवर शोधा बरं.

पाच नंबरचं एक पान तोडून उजेडासमोर धरा आणि काय दिसतं ते सांगा.

जुना_माळी (१२ फेब्रुवारी)

२ ब बद्दल मला शंका राहिलेली नाही. ती पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी. अरुंद पान, चीक, कोनदार हिरवं फळ, सगळं जुळतं. ती विषारी आहे. सगळ्या भागांत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात आणि बियांमध्ये ती जोरकस असतात. मुलाला फळ दाखवून, नाव सांगून, स्पष्ट बजावा. पडलेली फळं रोज उचला. छाटणी हातमोजे घालून करा आणि छाटलेल्या फांद्या जाळू नका. कोणाच्या पोटात गेलंच तर काही लक्षण दिसायची वाट न पाहता ताबडतोब दवाखाना गाठा, आणि फळ किंवा फांदी बरोबर न्या म्हणजे डॉक्टरांना झाड कळेल.

२ अ म्हणजे टेकोमा. तिला लांब सडपातळ शेंगा येतात आणि आत कागदासारख्या पंखांच्या बिया असतात. तिसरी पिवळी घंटा अलामांडाची. तिची पानं पेरावर तीन-चारच्या कड्यात येतात आणि फळ काटेरी गोळ्यासारखं असतं. ती तुमच्याकडे दिसत नाही.

बीजपत्र (१३ फेब्रुवारी)

माझ्या मते बिट्टी सरळ काढून टाकावी. सहा वर्षांच्या मुलाला किती वेळा सांगणार? झाडाचं प्रेम मलाही आहे, पण हा धोका घेण्यासारखा नाही.

जुना_माळी (१३ फेब्रुवारी)

मुलाच्या बाबतीत तुमचं म्हणणं मान्य. माझा आग्रह एवढाच की काढायचं की ठेवायचं हे नाव कळल्यावर ठरावं. या अंगणातली बिट्टी उपटली तरी मूल उद्या दुसऱ्या अंगणात जाईल. तिथे ते झाड त्याला ओळखता यायला हवं.

नवं_अंगण (१५ फेब्रुवारी)

दोघांचंही पटलं. बिट्टी काढायची ठरवली आहे. पण काढण्याआधी मुलाला पान, चीक, फळ सगळं लांबून दाखवलं, आणि त्याने वहीत चित्र काढून खाली नाव लिहिलं.

पाच नंबरचं पान उजेडात धरलं तर सुईने टोचल्यासारखे असंख्य पारदर्शक ठिपके दिसले! आणि सहा नंबरवर पानांच्या देठांमध्ये ती इवली त्रिकोणी उपपर्णं सापडली. भिंगातून बघावी लागली.

पानशिरा (१५ फेब्रुवारी)

ते ठिपके तेलाच्या ग्रंथी आहेत. लिंबू, संत्रं, बेल, कढीलिंब या सगळ्या कुळाची ती खूण आहे. कुंपणासाठी लावलेलं, चकचकीत पर्णिकांचं, याच कुळातलं झुडूप म्हणजे कुंती. सतत छाटल्यामुळे तिला फूल धरायला सवड मिळत नसेल. एक बाजू काही महिने न छाटता सोडून बघा. पांढऱ्या फुलांचा घमघमाट सुटेल.

सहा नंबर हमेलिया. तीन पानांचं कडं, लालसर देठ, नारिंगी नळ्या आणि देठांमधली उपपर्णं एवढं पुरे आहे. फळ धरल्यावर त्याच्या टोकाला निदलांचं (पाकळ्यांबाहेरच्या हिरव्या दलांचं) छोटंसं कडं उरतं, तेही बघा. फूल गळल्यावरही बीजकोष पाकळ्यांच्या खाली होता हे त्यावरून कळतं.

रानवाट (१६ फेब्रुवारी)

एक नंबर रक्तकांचन. आमच्याकडे हेच आहे, रंगही हाच.

पानशिरा (१६ फेब्रुवारी)

रानवाट, कांचन नक्कीच, पण कुठला ते रंगावरून मला सांगता येणार नाही. बागेत साधारण तीन कांचन दिसतात. बाउहिनिया पुर्पुरिया: अरुंद, एकमेकींपासून सुट्या पाकळ्या आणि लांब, पराग धरणारे पुंकेसर बहुधा तीनच. बाउहिनिया व्हेरिएगाटा: रुंद, एकमेकींवर चढणाऱ्या पाकळ्या, पाच पुंकेसर, आणि बहर बराचसा पानगळीनंतरच्या फांद्यांवर. तिसरा या दोघांचा संकर, बाउहिनिया ब्लेकियाना.

नवं_अंगण, पुंकेसर मोजा. आणि झाडावर एखादी तरी शेंग आहे का ते अगदी नीट बघा.

नवं_अंगण (१८ फेब्रुवारी)

दहा फुलं मोजली, पुंकेसर पाच. पाकळ्या रुंद, एकीवर एक. पण झाड पानांनी भरलेलं आहे. शेंग एकही नाही, झाडाखालीही नाही. समोरच्या घरातल्या काकू म्हणाल्या, इतकी वर्षं बघतेय, याला शेंग कधी धरलीच नाही.

पानशिरा (१८ फेब्रुवारी)

मग तो ब्लेकियाना. काकूंची साक्ष इथे फार मोलाची आहे, कारण हा संकर वांझ आहे, त्याला शेंग धरत नाही. याचं पहिलं झाड १८८०च्या सुमारास हाँगकाँगमध्ये सापडलं. १९०८ साली त्याला शास्त्रीय नाव मिळालं, तिथले गव्हर्नर राहिलेल्या हेन्री ब्लेक यांच्यावरून. हाँगकाँगच्या झेंड्यावरचं पांढरं फूल ते हेच. बी नाही, म्हणून कलम किंवा फांदी लावूनच ते वाढवतात. कोणीतरी जपून कलम बांधलं, कोणीतरी ते आजींच्या हाती दिलं, तेव्हा ते तुमच्या फाटकाशी आलं. हे झाड मला म्हणूनच फार आवडतं.

कांचनाच्या अख्ख्या वंशाला बाउहिनिया हे नाव बाउहिन आडनावाच्या दोन भावांवरून मिळालंय. दोघंही वनस्पतीशास्त्रज्ञ. एकाच पानाचे दोन सारखे भाग, म्हणून.

रानवाट (१९ फेब्रुवारी)

माझं चुकलं, आणि चुकलं ते बरंच झालं. आज आमच्या झाडाचे पुंकेसर मोजले. तीन! म्हणजे आमचा खरोखर पुर्पुरिया आहे. इतकी वर्षं रोज बघून कधी मोजलेच नव्हते.

फोटोंबद्दल माझ्या अनुभवाचं थोडं सांगतो. एका झाडाचे निदान पाच फोटो काढा: लांबून अख्खं झाड, खोडाची साल, पेर दिसेल अशी फांदी, पान वरून आणि खालून, आणि फूल समोरून तसंच बाजूने. बाजूचा फोटो बहुतेक जण काढत नाहीत, पण फुलाची नळी, निदलं आणि देठ त्यातच दिसतात. शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवा म्हणजे आकार कळतो. ॲपला फक्त गळलेल्या पर्णिकांचा फोटो दिलात तर ते रोज नवं नाव सांगणार, त्यात त्याचा दोष नाही. आयनॅचरलिस्टवर (निसर्गातल्या नोंदी टाकायच्या संकेतस्थळावर) टाकणार असाल तर ‘लागवडीचं’ अशी खूण करायला विसरू नका. त्या नोंदी तिथे वेगळ्या धरल्या जातात आणि जाणकारांची नजर त्यांच्यावर कमी पडते, म्हणून माणसांना विचारणं इथे जास्त कामी येतं.

बीजपत्र (२० फेब्रुवारी)

सात नंबर राहिला. मला बकाण वाटतो, महानिंब. पिवळट गोल फळांचे घोस दिसतात का? पानं झडल्यावरही ते लोंबत राहतात.

नवं_अंगण (२० फेब्रुवारी)

फळ एकही नाही. दुर्बीण मागून आणून बघितलं.

पानशिरा (२१ फेब्रुवारी)

मग थांबू या. फांदी हाती आल्याशिवाय मी नाव घेणार नाही. कडुनिंबाचं पान एकेरी पिसासारखं, बकाणाचं दुहेरी, पण दोघांची पानं एकाआड एकच असतात. फांदी मिळाली की पहिली गोष्ट तीच बघा.

नवं_अंगण (२८ एप्रिल)

खिडकीसमोर सगळं निळं झालंय. पानं थोडीच आहेत आणि अख्खं झाड जांभळट निळ्या घंटांनी भरलंय. सहा जण गुलमोहर म्हणत होते आणि तुम्ही फूल न बघता, खाली पडलेल्या डब्यांवरून सांगितलंत. सकाळी पडदा सरकवला आणि तिथेच उभी राहिले. मुलगा विचारतोय, आजींनी हे इथे मुद्दाम लावलं असेल ना? मला वाटतं, हो.

कुंतीची एक बाजू तुम्ही सांगितल्यापासून छाटलेली नाही. कळ्या दिसतात.

नवं_अंगण (१९ जून)

रात्रीच्या वाऱ्यात सात नंबरची फांदी पडली! लगेच बघितलं. पानं समोरासमोर. डोळा शोधत मागे गेले तर एक पान हातभर लांब निघालं, आणि पिसाचं पीस, त्या पिसालाही पुन्हा पिसं. चीक नाही. खोडाची साल भेगाळलेली आहे, नखाने दाबली तर मऊ लागते, दबते.

पानशिरा (१९ जून)

समोरासमोर म्हणजे कडुनिंब बाद, बकाण बाद. शेवगाही बाद, त्याची पानं एकाआड एक असतात. दुहेरी-तिहेरी पान आणि बुचासारखी साल... मला वाटतं हा बूच आहे, आकाशमोगरा. शास्त्रीय नाव मिलिंग्टोनिया हॉर्टेन्सिस. या वंशात ही एकच जात आहे. तुमचा नीलमोहर आणि टेकोमा ज्या बिग्नोनिएसी कुळातले, त्याच कुळातला हा. तिघांचीही पानं समोरासमोर आणि संयुक्त, हे तुमच्याच नोंदींतून दिसतंय.

पण फूल येईपर्यंत नाव पेन्सिलीने लिहा.

जुना_माळी (२० जून)

पाट्याच करा सगळ्यांना, आणि खरोखरच पेन्सिलीने लिहा. उन्हापावसात शाई उडते, पेन्सिल बरीच वर्षं टिकते. पाटी खोडाला खिळ्याने ठोकू नका, तारेने आवळूही नका, खोड जाड होताना तार सालीत रुतते. बुंध्याशी मातीत खुंटी रोवून तिच्यावर लावा.

नवं_अंगण (६ नोव्हेंबर)

आज पहाटे मागचं दार उघडलं तर कोपरा पांढरा झाला होता. बोटाएवढी लांब, बारीक नळी आणि टोकाला पाकळ्या. मान वर करून पाहिलं तर शेंड्याला झुबके. आम्ही झोपलेलो असताना ती फुलतात आणि उजाडायच्या आत खाली येतात. मंद, गोड वास. फूल समोरून आणि बाजूने, पट्टी ठेवून, फोटो जोडला आहे.

समोरच्या काकूंना ओंजळभर नेऊन दिली. त्या म्हणाल्या, आजी रोज पहाटे ही वेचायच्या, मला वाटायचं मोगरा आहे.

पानशिरा (६ नोव्हेंबर)

बूचच! फोटो बघून डोळ्यांत पाणी आलं. नाव आता गडद करा.

रानवाट (६ नोव्हेंबर)

इतके महिने वाट बघून मिळालेलं नाव. अभिनंदन, तुमचं आणि मुलाचंही. कुंतीचं काय झालं?

नवं_अंगण (७ नोव्हेंबर)

कुंती जूनअखेर फुलली, आणि त्यानंतर ती बाजू आम्ही छाटलीच नाही. आता एक नवीन प्रश्न आहे. बुचापासून दहा पावलांवर फूटभर उंचीचं रोप आलंय. पानं समोरासमोर, संयुक्त. मुलाने आधी डोळा शोधला, मग मला हाक मारली. त्याचं म्हणणं, हा बुचाचाच आहे.

जुना_माळी (७ नोव्हेंबर)

बरोबर असण्याची शक्यता मोठी आहे. बूच मुळांवरून फुटवे सोडतो. बाजूची माती हाताने हळूच सारून बघा, रोप आडव्या मुळाला जोडलेलं असेल तर फुटवा. त्याला सांगा, फावडं नको, बोटांनीच उकर.